काळी वायर आधी

फॉर्मच्या चौथ्या पानावर एक रकाना आहे:
घरातील भावनिक वातावरण.
पुढे तीन चौकोन. चांगले, साधारण, वाईट.
चौदा वर्षं मी त्यात खुणा करते आहे,
बहुतेक वेळा साधारणवर,
कारण साधारणला कोणी पुरावा मागत नाही.

साईल पर्येकर, वय सोळा.
बंद खाणीच्या यार्डात उभ्या ट्रकांच्या
अकरा बॅटऱ्या, व्हाळशीच्या भंगारात विकलेल्या.
बारावी बापाच्या ट्रकची.
तक्रार बापानेच दिली.

मेरशीच्या त्या खोलीत पंखा एकाच बाजूला वारा देतो.
मी त्याला कागद दिला. वीस ओळी,
प्रत्येक ओळ ‘मी’ने सुरू होणारी,
पुढे मोकळी जागा.
काहीही लिही, म्हटलं, तुझ्याबद्दल.
त्याने पेनाचं टोपण दातांनी चपटं केलं.
पाऊण तासाने कागद परत आला.
छापलेला प्रत्येक ‘मी’
पट्टी लावल्यासारखा सरळ खोडलेला
आणि शेजारी लिहिलेलं, ‘तो’.

तो रात्री फिरतो.
तो कोणाचं ऐकत नाही.
तो जेवायला बसला की बाकीचे उठतात.
तो मामावर गेलाय.
तो नसता तर बरं.

मला वाटलं, टिंगल करतोय.
तसं मी समासात लिहिलंही, पेन्सिलीने.

गुरुवारी कदंबाने डिचोलीला गेले.
घर स्वच्छ. दारू नाही, भांडण नाही,
कोणी कोणावर हात उगारत नाही.
फक्त टीव्हीचा आवाज नको तितका मोठा
आणि त्याच्याखालून माणसं
एकमेकांना निरोप पाठवल्यासारखी बोलतात.
“तो केन्ना सुटतलो?”
आईने विचारलं, धाकटीकडे बघत.
“तो म्हज्या घरचो न्हय,”
बाप म्हणाला, रिमोटकडे बघत.
दीड तासात साईल हे नाव
त्या घरात मी एकटीनेच घेतलं.
प्रत्येक वेळी कोणीतरी दाराकडे बघायचं,
कोण आलं म्हणून.

अंगणात ट्रक. चाकं काढलेली, खाली विटा,
बॉनेटमधून घोसाळ्याचा वेल वर आलेला,
त्याला पिवळी फुलंही धरलेली.
हप्त्यांचं मी विचारलं नाही,
फॉर्ममध्ये त्याला जागा नाही.
उमाकांत पर्येकर पायरीपर्यंत सोडायला आला
आणि मला नव्हे, ट्रकलाच विचारल्यासारखं म्हणाला,
“काळी वायर पयलीं काडिल्ली मरे ताणें.”

मला कळलं नाही.
मग त्याने समजावलं, चिडून, पण मन लावून:
आधी लाल सोडवलीस आणि पाना कुठे टेकला
तर ठिणगी उडते, हात जळतो.
पोलिसांबरोबर त्याने एकेक बॉनेट उघडून बघितलं होतं.
बाराही ठिकाणी काळी आधी.
बोल्ट परत जागेवर, हातानं आवळलेले.
“णव वर्सांचो आसतना शिकयल्लें.
स्टुलार उबो करून.”
एवढं बोलून तो आत गेला.
टीव्ही आणखी मोठा झाला.

सोमवारी मी साईलला हेच सांगितलं, काही न जोडता.
तो पंख्याच्या वाऱ्यातून बाजूला सरकला.
“बाबांनी बघितलं?”
“बाराही.”
बराच वेळ तो नखाखालची काळी रेघ कोरत राहिला.
“मीच काढल्या,” म्हणाला,
“मी चुकत नाही त्यात.”

कायद्याच्या भाषेत हा कबुलीजबाब.
मी तो कुठेच लिहिला नाही.
घरी येऊन फक्त समासातली पेन्सिल खोडली,
कागद जरा फाटला तिथे.

उद्या अहवाल द्यायचा आहे.
चौथं पान अजून कोरं,
तीन चौकोन तसेच,
आणि एकातही
ते स्टूल मावत नाही.